पुनर्भेट : जुन्या खेळांची व चित्रपटांची

गेल्या काही वर्षांत एक गोष्ट कोणाच्याही सहज ध्यानात यावी. इसवी सन २००० च्या मागेपुढे जे चित्रपट व जे व्हिडिओ गेम लोकांच्या आवडीचे होते, ते पुन्हा एकवार लोकांपुढे येऊ लागले आहेत. २००१ साली प्रदर्शित झालेला ‘गदर’ २०२३ साली पुन्हा चित्रपटगृहांत झळकला. सचिन पिळगांवकर यांच्या ‘नवरा माझा नवसाचा’ या २००४ सालच्या चित्रपटाचा दुसरा भाग बरोबर वीस वर्षांनी, २०२४ साली आला. पहिल्या भागात एस. टी. च्या बसमधून घडलेला गणपतीपुळ्याचा प्रवास दुसऱ्या भागात आगगाडीने घडला. नोकिया कंपनीचा ३३१० हा फोन प्रथम २००० साली निघाला होता. त्याचे नवे रूप २०१७ साली बाजारात आले, आणि त्यासोबत शेपूट वाढवीत जाणारा तो सुप्रसिद्ध सापही परतला.

हे सारे पाहून घरोघरी तीन पक्ष पडलेले दिसतात. आईवडील म्हणतात, “आमच्या वेळचे खेळ आणि सिनेमे ते खरे, आताच्यांना ती गोडी नाही.” मुले म्हणतात, “या चौकोनी ठिपक्यांच्या ओबडधोबड चित्रांत पाहण्यासारखे आहे तरी काय?” आणि आजोबा म्हणतात, “तेव्हाही तो वेळेचा अपव्ययच होता व आताही तो अपव्ययच आहे.” तिन्ही पक्षांत थोडेथोडे तथ्य आहे, तथापि तिन्ही पक्ष एका बाबतीत सारखेच उणे पडतात. त्यांपैकी कोणीही ती वस्तू पुन्हा समोर ठेवून नीट पाहिलेली नसते. एकाचा निर्णय प्रेमाने झालेला असतो, दुसऱ्याचा अनास्थेने व तिसऱ्याचा रागाने.

आमचे म्हणणे असे की, बालपणी ज्या गोष्टींनी आपले मन वेधले, त्यांची प्रौढपणी पुन्हा भेट घ्यावी. परंतु ती केवळ हळहळण्यासाठी घेऊ नये, तर पारखण्यासाठी घ्यावी. आणि जे पारखीत उतरेल ते जपावे. कारण आपण ज्याकडे वळून पाहत नाही, ते काळ आपल्यासाठी राखून ठेवीत नाही. हा विचार आम्ही वाचकांपुढे क्रमाने मांडू इच्छितो.

प्रथम आपल्या गावाची गोष्ट घेऊ. सुरतेच्या दक्षिणेस वसलेल्या या सचिन गावात, तसेच उधना, पांडेसरा, लिंबायत या भागांत जी मराठी कुटुंबे आहेत, त्यांपैकी पुष्कळ कुटुंबे धुळे, जळगाव व नंदुरबार या जिल्ह्यांतून पोटापाण्यासाठी येथे आली. उधन्याहून निघणारा लोहमार्ग नंदुरबार, अमळनेर असा जळगावास जातो. त्याच मार्गाने माणसे आली आणि त्याच मार्गाने त्यांचे सणवार, पापडकुरडया व गाणीही आली. घरात अहिराणी वा मराठी, बाजारात गुजराती व कारखान्यात हिंदी असा भाषांचा त्रिवेणी संगम ज्या मुलांच्या कानी रोज पडे, त्यांना मराठी चित्रपट पाहावयाचा तर बहुधा व्हीसीडीचाच आधार असे. गावी गेलेले माणूस परतताना पिशवीत एखाददुसरी तबकडी घेऊन येई. मग ती या घरातून त्या घरात फिरे. हा काळ फार जुना नाही. आज जे पालक आहेत, त्यांच्या शाळेचाच तो काळ होय.

व्हिडिओ गेमही असाच वळणावळणाने आपल्यापर्यंत आला. जपानच्या निन्टेंडो कंपनीने १९८३ साली घरच्या दूरदर्शनसंचास जोडावयाचे एक यंत्र काढले. त्याच्या नक्कल केलेल्या स्वस्त आवृत्त्या पुढे आपल्या देशात ठिकठिकाणी विकल्या जाऊ लागल्या. म्हणून जे खेळ जपानात १९८५ च्या सुमारास नवे होते, ते आपल्याकडील मुलांच्या हाती पडेपर्यंत शतक संपत आले होते. खेळाच्या डबीला मुले ‘कॅसेट’ म्हणत. तिच्यावर ‘९९९९ इन वन’ असे छापलेले असे. प्रत्यक्षात मूठभर खेळ फिरूनफिरून निरनिराळ्या क्रमांकांनी येत. जाहिरातीतील आकडा व वस्तूतील सत्य यांतील अंतर किती असते, हा व्यवहाराचा पाठ अनेकांना प्रथम त्या कॅसेटनेच दिला असावा.

आता या खेळांकडे आजच्या दृष्टीने पाहू. ‘सुपर मारिओ ब्रदर्स’ हा १९८५ सालचा खेळ संगणकाच्या हिशेबात सुमारे ४० किलोबाइटांत मावला आहे. आज आपण फोनने काढलेले एक साधे छायाचित्रही त्याच्या कितीतरी पट जागा घेते. एवढ्या तोकड्या जागेत त्याच्या कर्त्यांना आकाश, पाताळ, समुद्र व किल्ले बसवावयाचे होते. म्हणून त्यांनी काटकसर केली. ढगाचे व झुडपाचे चित्र एकच ठेवले, केवळ रंग बदलला. हे ठाऊक झाल्यावर ती ओबडधोबड चित्रे ओबडधोबड वाटेनाशी होतात. पुरेसे साहित्य नसताना मांडलेला तो एक नेटका संसार आहे, हे ध्यानी येते. ज्या विद्यार्थ्यांना पुढे संगणकशास्त्राचा अभ्यास करावयाचा आहे, त्यांनी तर हा खेळ पाठ्यपुस्तकासारखा न्याहाळावा.

दुसरी गोष्ट सहवासाची. त्या यंत्राला दोन रिमोट असत आणि घरात दूरदर्शनसंच एकच असे. ‘मारिओ’त एकाचा डाव संपला की दुसऱ्याची पाळी येई, म्हणजे हरणे याचाच अर्थ दुसऱ्यास वाव देणे. १९८५ सालच्या ‘बॅटल सिटी’ या रणगाड्यांच्या खेळात दोघांनी मिळून एकच ठाणे राखावयाचे असे; एकाच्या उतावीळपणाने ठाणे पडले तर दोघेही बुडत. खेळ मध्येच जतन करून ठेवण्याची सोय बहुतेक खेळांत नसे. वीज गेली की सारा पराक्रम पाण्यात जाई व पुन्हा पहिल्या पायरीपासून आरंभ करावा लागे. पाळी, जबाबदारी व पुनरारंभ हे तीन गुण त्या खेळांनी शिकविले असे कोणी म्हटले, तर त्यात अतिशयोक्ती थोडी असेल, पण असत्य नसेल.

तथापि आम्ही प्रारंभीच म्हटले आहे की, पारखावयाचे ते दोन्ही बाजूंनी. त्या काळच्या लोकप्रिय खेळांपैकी पुष्कळांत बंदुकीखेरीज दुसरी भाषाच नव्हती. समोर दिसेल त्यावर गोळी झाडावी, याहून अधिक विचार त्यांत नव्हता. २००२ साली निघालेला ‘व्हाइस सिटी’ हा खेळ प्रौढांसाठीच म्हणून काढलेला होता. तरी सायबर कॅफेत बसून तो शाळकरी मुलांनी बिनदिक्कत खेळावा, असा प्रकार गावोगाव चाले. नक्कल केलेली यंत्रे व नक्कल केलेल्या तबकड्या यांचे मोल कर्त्याच्या पदरी कधीच पडले नाही, हेही विसरता येत नाही. आमच्या पिढीला जे आनंद मिळाले, त्यांपैकी काहींचे ऋण आम्ही मूळ निर्मात्यांस फेडलेले नाही. गतकाळाचे गोडवे गाताना ही बाजू झाकून ठेवणे अप्रामाणिकपणाचे होईल.

पुन्हा भेट घेण्याने काय साधते, याचे एक सुंदर उदाहरण त्याच काळातील एका खेळात सापडते. ‘एज ऑफ एम्पायर्स’ या ऐतिहासिक खेळाचा दुसरा भाग १९९९ साली निघाला. त्यात जोन ऑफ आर्क होती, सलाउद्दीन होता, चंगीझखान होता. परंतु खेळाडूने निवडावयाच्या राष्ट्रांत भारत नव्हता. खेळ जुना झाला, तरी त्याच्या चाहत्यांनी तो सोडला नाही. त्यांपैकी काहींनी स्वतःच्या हौसेने त्यात भर घालण्यास आरंभ केला; ती भर एवढी सरस ठरली की, २०१३ साली ती अधिकृत म्हणून प्रसिद्ध झाली आणि तीत भारतीयांना स्थान मिळाले. पुढे २०२२ सालच्या आवृत्तीत गुर्जर, द्रविड व बंगाली असे वेगवेगळे भारतीय समाजही आले. जुन्या वस्तूवर नुसते प्रेम न करता तिच्यात काय उणे आहे हे ज्यांनी पाहिले, त्यांच्या हातून हे घडले. गुजरातेत राहणाऱ्या विद्यार्थ्यांनी त्या खेळातील गुर्जरांचे चित्रण इतिहासाशी कितपत जुळते, याची चिकित्सा करावी. त्यातून खेळ आणि अभ्यास दोन्ही घडतील.

आता चित्रपटांकडे वळू. त्या काळच्या मराठी चित्रपटांत पुनर्भेटीस सर्वांत योग्य असा एक निवडावयाचा झाल्यास आम्ही संदीप सावंत यांच्या ‘श्वास’चे नाव घेऊ. कोकणातील एका लहान मुलाच्या डोळ्यांस कर्करोग होतो. त्याचे प्राण वाचवावयाचे तर दृष्टी गमवावी लागणार. शस्त्रक्रियेपूर्वी त्याचे आजोबा त्याला रुग्णालयातून बाहेर नेतात व डोळे आहेत तोवर जग दाखवून आणतात. एवढीच कथा. हिला २००४ साली सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार जाहीर झाला, आणि बालकलाकार अश्विन चितळे यालाही गौरविण्यात आले. त्यापूर्वी हा सर्वोच्च मान मराठीस मिळाला होता तो आचार्य अत्रे यांच्या १९५३ सालच्या ‘श्यामची आई’ला, म्हणजे मध्ये पन्नास वर्षे गेली. ‘श्यामची आई’ ज्यांच्या लेखणीतून उतरली ते साने गुरुजी अमळनेरच्या शाळेत शिक्षक होते. आमच्यापैकी कित्येकांच्या आजोळच्या वाटेवरचे ते स्थानक! ‘श्वास’ भारतातर्फे ऑस्कर पारितोषिकासाठी पाठविला गेला, तेव्हा अमेरिकेतील खर्चासाठी सामान्य लोकांनी वर्गण्या दिल्या. अंतिम नामांकन त्यास मिळाले नाही. पण एका भाषेने आपल्या चित्रपटास हातभार लावला, ही गोष्ट त्या पारितोषिकाहून उणी नव्हे.

हा चित्रपट बालपणी पाहिलेल्या माणसाने आता पुन्हा पाहावा. तेव्हा त्याचे डोळे त्या मुलाकडे लागले असतील. आता ते आजोबांकडे लागतील. मुलास सत्य सांगावे की न सांगावे, कागदावर सही करावी की न करावी, या प्रश्नांचा भार पालक झाल्यावाचून कळत नाही. चित्रपटातील एकही दृश्य बदललेले नसते. पाहणारा बदललेला असतो. ज्या कृतीत वयाच्या प्रत्येक टप्प्यावर नवे काही सापडते ती टिकाऊ, व जीत काहीच सापडत नाही ती केवळ त्या ऋतूची, ही पारखण्याची एक सोपी कसोटी आहे.

काळ कधीकधी प्रथम दिलेला निर्णय फिरवितोही. आशुतोष गोवारीकर यांचा ‘स्वदेस’ २००४ च्या डिसेंबरात आला, तेव्हा तिकीटबारीवर त्याला बेताचेच यश मिळाले. अमेरिकेतील अवकाशसंस्थेत नोकरी करणारा एक तरुण भारतातील एका खेड्यात येतो व पाण्यावर वीज निर्माण करतो, ही त्याची कथा. तिचे चित्रण वाईजवळच्या मेणवलीत झाले. पुढे वर्षे लोटली तसा या चित्रपटाविषयीचा आदर वाढतच गेला. घर सोडून दूर गेलेल्या माणसाच्या मनातील ओढ ज्याने अनुभवली आहे, त्याला हा चित्रपट जवळचा वाटल्यावाचून राहत नाही. आणि सचिनमध्ये असे अनुभवी लोक गल्लोगल्ली आहेत.

त्याच दिग्दर्शकाचा २००१ सालचा ‘लगान’ कच्छमधील भुजच्या परिसरात चित्रित झाला. चित्रण २००० साली झाले आणि २६ जानेवारी २००१ रोजीच्या भूकंपाने त्या भागाची अपरिमित हानी केली. भूकंपापूर्वीचा तो मुलूख व तेथील ग्रामस्थांचे चेहरे त्या चित्रपटात राहिले आहेत. यामुळे तो आता मनोरंजनाबरोबरच एक दस्तऐवजही झाला आहे. परंतु आज तो पाहताना एक शंका मनात येते. अस्पृश्य मानल्या गेलेल्या कचऱ्याला संघात घेण्यासाठी नायक गावाशी भांडतो, हे उदात्त खरेच. पण कचऱ्यास स्वतःस काय वाटते, हे त्याला कोणी फारसे विचारीत नाही. तो बहुतेक वेळ मुकाच राहतो. वीस वर्षांपूर्वी प्रेक्षकांच्या टाळ्यांत ही शंका बुडून गेली असेल. आज ती वर्गात विचारली जावी. असे विचारल्याने चित्रपट लहान होत नाही. आपण मोठे होतो.

वाचक म्हणतील, “हे सर्व ठीक, पण जपण्याची एवढी चिंता कशासाठी? आता तर सर्व काही फोनवर मिळते.” या समजुतीस आपल्याच गावाशी जोडलेली एक कथा उत्तर देईल. भारताचा पहिला बोलपट ‘आलम आरा’ १४ मार्च १९३१ रोजी मुंबईच्या मॅजेस्टिक चित्रपटगृहात प्रदर्शित झाला. त्याची नायिका जुबेदा हिचा जन्म सुरतेचा. सचिन संस्थानच्या नवाबांची ती कन्या, असे चित्रपटसृष्टीच्या इतिहासात नमूद आहे. तिची आई फातमा बेगम ही आपल्या देशातील पहिली स्त्री-दिग्दर्शिका. तिने १९२६ साली ‘बुलबुल-ए-परिस्तान’ हा चित्रपट काढला. आज या दोहोंपैकी एकाही चित्रपटाची प्रत उपलब्ध नाही. ज्या ‘आलम आरा’साठी लोकांनी तिकीटबारीवर झुंबड केली, तो आता काही छायाचित्रांवरून व वर्णनांवरून कल्पावयाचा. पुण्यास राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय १९६४ साली स्थापन झाले, तोवर पुष्कळ उशीर होऊन गेला होता. आपल्या गावाचे नाव ज्या मायलेकींशी जोडले जाते, त्यांची कीर्ती आपण ऐकू शकतो. त्यांची ती कामगिरी पाहू मात्र शकत नाही.

खेळांची अवस्थाही समाधानकारक नाही. अमेरिकेतील एका खेळ-इतिहास संस्थेने २०२३ साली पाहणी केली. तीत असे आढळले की, २०१० पूर्वी त्या देशात निघालेल्या जुन्या व्हिडिओ गेमपैकी दर १०० मागे ८७ आता बाजारात विकत मिळत नाहीत. जेथे हा उद्योग एवढा बलाढ्य आहे तेथे ही स्थिती. मग ज्या छोट्या मराठी चित्रपटांची केवळ काही तबकड्यांवर भिस्त आहे, त्यांचे काय? व्हिडिओ कॅसेटला दमट हवेत बुरशी चढते. तबकडीवरचा चकाकता थर कालांतराने खराब होतो. फोनवर आज दिसणारा चित्रपट करार संपताच उद्या दिसेनासा होऊ शकतो. लोकप्रियता म्हणजे चिरंजीवित्व नव्हे, हे ‘आलम आरा’ने आपल्याला शिकविले आहे.

आणि आपल्यापुरते यात आणखीही काही पणास लागले आहे. मायभूमीपासून दूर वाढणाऱ्या मुलाची भाषा केवळ व्याकरणाच्या तासाने टिकत नाही. घरातील वडीलधाऱ्यांशी बोलावयास काही समाईक विषय असावा लागतो. बाबांना ‘श्वास’ ठाऊक आहे व मुलाला तो ठाऊक नाही. मुलाला नवा खेळ ठाऊक आहे व बाबांना तो ठाऊक नाही. अशा स्थितीत एका छताखाली बसून दोघेही आपापल्या फोनमध्ये पाहत राहतात. तबकडी नष्ट झाली तर एक चित्रपट जाईल. पण हे बोलणे थांबले तर मराठीचा घरातील एक कोपरा ओस पडेल.

म्हणून आम्ही वाचकांपुढे काही साध्या सूचना ठेवतो. विद्यार्थ्यांनी येत्या सुट्टीत आपल्या आईवडिलांस, मामास वा आत्यास त्यांच्या शाळकरी वयातील एक आवडता चित्रपट व एक आवडता खेळ विचारावा. तो रीतसर मार्गाने, योग्य मोल देऊन व वयास साजेसा असल्याची खात्री करून, त्यांच्यासमवेत पाहावा किंवा खेळावा. नंतर वहीच्या एका पानावर तीन गोष्टी लिहाव्यात : वडीलधाऱ्यांस तेव्हा काय आवडले होते, आपल्याला आता काय आवडले, आणि काय मुळीच पटले नाही. तिसरा रकाना रिकामा राहू नये, असा आमचा आग्रह आहे. पालकांनी मुलांच्या टीकेने रागावू नये, आणि ज्या खेळात मुले रमतात तो एकदा तरी त्यांच्याकडून शिकून घ्यावा; परतफेड ही न्याय्यच आहे. घरात जुन्या तबकड्या असतील तर त्या पुसून, कोरड्या जागी उभ्या ठेवाव्यात व वेष्टनावर नाव, भाषा व साल लिहावे. शाळेने वर्षातून एक सायंकाळ अशा चित्रपटासाठी राखून, त्यानंतर अर्धा तास चर्चा ठेवावी.

यासाठी फार पैसा लागत नाही, विशेष विद्वत्ताही लागत नाही. लागते ती थोडी सवड व पुष्कळशी उत्सुकता. आज जे विद्यार्थी वर्गांत बसले आहेत, त्यांचेही खेळ व चित्रपट पंचवीस वर्षांनी जुने होणार आहेत आणि त्या वेळची मुले त्यांना हसणार आहेत. तेव्हा आपल्या आवडीचे समर्थन विवेकाने कसे करावे, तिच्यातील दोष मोकळ्या मनाने कसे मान्य करावे व तिच्यातील उत्तम ते पुढच्यांच्या हाती कसे द्यावे, याचा अभ्यास आजपासूनच झालेला बरा. सुट्टी जवळ आली आहे. कपाटातल्या तबकड्या फार काळ वाट पाहणार नाहीत.